पंच्याहत्तर तासांचं पुण्य

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात हायस्कूलचा डिप्लोमा हवा असेल, तर गणित-इंग्रजी-विज्ञानाबरोबर आणखी एक गोष्ट पुरी करावी लागते : ७५ तासांचं ‘सेवा-शिक्षण’. १९९२मध्ये हा नियम झाला आणि १९९७च्या तुकडीपासून लागू झाला. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत हाच आकडा ४० तासांचा आहे. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या वर्गांत सामाजिक सहभागाला क्रेडिट मिळू लागलीच आहेत. आता ‘हे शाळेतच सक्तीचं करा, दहावीच्या प्रमाणपत्राला जोडा’ असं म्हणणारी माणसं मला वरचेवर भेटतात. बहुतेक माझ्याच धंद्यातली असतात. हिंजवडी नाहीतर खराडीला नोकरी, मुलं बसने जाणाऱ्या शाळेत. भली माणसं आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडणं गरजेचं वाटतं.

सक्तीची सेवा ही सेवाच नव्हे, हा विरोधकांचा नेहमीचा मुद्दा मला कच्चा वाटतो. शाळेत सगळंच सक्तीचं असतं. पाढे काय कुणी हौसेनं पाठ करतं? अमेरिकेत काही पालक याच मुद्द्यावर थेट न्यायालयात गेले. गुलामगिरी आणि वेठबिगारीवर बंदी घालणारी तेरावी घटनादुरुस्ती त्यांनी पुढे केली. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमच्या शाळांनी ६० तासांची अट घातली होती, तिच्याविरुद्धचा दावा १९९३मध्ये फेटाळला गेला. न्यूयॉर्क आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या तशाच दाव्यांचं १९९६मध्ये तेच झालं. बरोबरच झालं. साठ तास कुणाला वेठबिगार करत नाहीत.

माझा प्रश्न वेगळा आहे. तास कुणाचे मोजायचे?

ऑन्टॅरिओच्या नियमांत न चालणाऱ्या कामांची यादी आहे. घरातली रोजची कामं चालत नाहीत. एरवी पगार देऊन करून घेतलं जातं असं काम चालत नाही. दोन्हींमागची कारणं समजण्यासारखी आहेत. पण ही यादी उचलून मराठवाड्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत आणा. आईबाप ऊसतोडीला गेलेत, मुलगी आजीकडे आहे. नववीत शिकते. पहाटे पाणी भरते, भाकऱ्या थापते, धाकट्याला अंघोळ घालून शाळेत आणते, संध्याकाळी आजीच्या गोळ्या बघते. तिचे तास किती? शून्य. त्याच वेळी पुण्यातला एखादा मुलगा अनाथाश्रमात जाऊन गोष्टी वाचून दाखवतो, गाडी बाहेर उभी असते. त्याचे तास दोन, शिवाय फोटो. तिनं आता ही सगळी कामं उरकून वर ‘समाजसेवा’ करायची, नाहीतर दहावीचं प्रमाणपत्र अडणार. आयटीआयला जायचं तरी ते लागतं. आणि याहून वाईट म्हणजे, त्या मुलाचे तास भरण्यासाठी लागणारा ‘समाज’ तीच आहे.

हे बदलता येत नाही असं नाही. करोनाच्या काळात ऑन्टॅरिओनं तास निम्मे केले आणि पगारी कामाचे तासही धरले जातील असं सांगितलं. म्हणजे दुकानात उभं राहून चार पैसे मिळवणारं पोरही काहीतरी शिकत असतं, हे तिथल्या सरकारलाही ठाऊक होतं. ते कळायला साथ यावी लागली.

दुसरी गोष्ट मोजण्याची. आम्ही सॉफ्टवेअरवाले टाइमशीट भरून पोट भरतो, त्यामुळे तासांचा आकडा कसा तयार होतो हे मला कुणी शिकवायला नको. आठवड्याचे चाळीस भरायचे असतात आणि ते भरतात. काम संपलं की नाही, हा वेगळा विषय. मेरीलँडच्या नियमाचा एक अर्थशास्त्रीय अभ्यास झाला आहे. त्यात दिसलं की आठवीतल्या मुलांमध्ये स्वयंसेवेचं प्रमाण वाढलं आणि बारावीतल्या मुलांमध्ये घटलं. तास लवकर भरून टाकले, विषय संपला. मला यात मुलांचा दोष वाटत नाही. कोटा दिला की माणूस कोट्यापुरतंच करतो. आपल्याकडे तर याची परंपराच आहे. समाजोपयोगी उत्पादक कार्य, म्हणजे एसयूपीडब्ल्यू, ईश्वरभाई पटेल समितीनं सुचवलं तेव्हा त्यामागे गांधींच्या नयी तालीमचा विचार होता. पोरांनी त्या आद्याक्षरांचं ‘सम युजफुल पीरिअड्स वेस्टेड’ करून टाकलं. अकरावी-बारावीच्या पर्यावरणाच्या प्रकल्पवह्या तर तयार विकत मिळतात, कव्हर घालून. उद्या सेवेचे तासही मिळतील, शिक्क्यासकट.

कॉलेजात मी राष्ट्रीय सेवा योजनेत होतो. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर, सगळं ऐच्छिक. शिबिरात आम्ही झाडांसाठी खड्डे खणत होतो, तर एक आजी म्हणाल्या, “मागल्या साली पण पोरं आलती, हितंच खणलं हुतं.” झाडं कुठं गेली विचारलं, तर म्हणाल्या, “पानी कोन घालनार?” स्वतःहून आलेल्या पोरांचं हे, तर सक्तीनं आलेल्यांचं काय सांगावं. पाणी घालण्याचे तास कुणी मोजत नाही. ते उन्हाळ्यात असतात आणि तेव्हा परीक्षा असते.

झाडूचं सांगायलाच हवं. मुलांनी परिसर झाडावा, श्रमाची लाज जावी, हे या मंडळींचं आवडतं उदाहरण. सोबत गाडगेबाबांचं नावही येतं. पण शाळेतली स्वच्छतागृहं ठरावीक जातीच्या मुलांकडूनच धुऊन घेतल्याच्या बातम्या या देशात वारंवार येतात. एकाच्या हातात झाडू म्हणजे संस्कार आणि दुसऱ्याच्या हातात झाडू म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची सक्ती. अशा शाळेत ‘सेवा’ अनिवार्य केली, तर कोणतं काम कुणाच्या वाट्याला येईल, हे ठरवणारे शिक्षक, संस्थाचालक आणि गाव आजचेच असणार आहेत.

मेरीलँडच्या नियमातला एक भाग मात्र मला पटतो. तिथल्या जिल्ह्यांना हे काम अभ्यासक्रमातच गुंफायची मुभा आहे. शाळेच्या वेळात, शिक्षकांबरोबर, सगळ्या वर्गानं मिळून. भूगोलाच्या तासाला गावातल्या विहिरींची पातळी मोजा, वर्षभर मोजा, ग्रामसभेत मांडा. जरूर करा. फक्त त्यासाठी शिक्षकाला निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामातून मोकळं करावं लागेल आणि रिकाम्या जागा भराव्या लागतील. तासांचा रकाना छापणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

‘पण मग आमच्या मुलांना समाज कळणार कसा?’ असं मला नेहमी विचारलं जातं. त्याची सोय कायद्यात आधीच आहे. शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित गटांतल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. तिथं समाज शेजारच्या बाकावर बसतो, डबा वाटून खातो, गणितात पुढे जातो. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारनं सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना यातून सूट दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. मधल्या पाच महिन्यांत, मुलांना समाज दाखवायला आतुर असलेल्या माझ्या ओळखीच्या पालकांपैकी एकानंही या सुटीविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. दोघांनी मात्र विचारलं होतं की, मग आता आपल्या शाळेची फी थोडी कमी होईल का.