आधी पाळी ठरवा, मग गणित लावा



ऊस तोडला की घड्याळ चालू होते. चोवीस तासांत तो गव्हाणीत पडावा, असे आपण म्हणतो. उशीर झाला की वजनाला मार बसतो, साखरही घटते. वजन सभासदाचे जाते, उतारा कारखान्याचा जातो.

तोडणी-वाहतुकीचा कार्यक्रम कॉम्प्युटरवर बसवावा, असे आपले तरुण सभासद म्हणतात. म्हणणे रास्त आहे. पण पद्धती अनेक, त्यातली कोणती घ्यायची?

आधी एक साधा हिशेब पाहू. गोदाकाठच्या एखाद्या गावातून १० ट्रॅक्टर निघाले, असे धरा. डांबरी सडकेने केव्हाही ६० मिनिटे लागतात. जवळच्या पांदणीत जितके ट्रॅक्टर शिरतील, त्याच्या सहापट मिनिटे प्रत्येकाला लागतात. जो तो पांदण धरतो. दहाही जणांना ६० मिनिटे, एकूण ६००. पाच इकडे, पाच तिकडे लावले तर एकूण ४५०. नुकसान कोणाचेच नाही, वाचली १५० मिनिटे. तरी आपण होऊन डांबरीने कोण जाईल? वॉर्ड्रॉप या इंग्रज तज्ज्ञाने १९५२ साली हाच भेद मांडला. जो तो आपली सोय पाहतो ती वाटणी वेगळी, सर्वांचा मिळून वेळ वाचतो ती वेगळी.

रस्त्यांवर गाड्या वाटायला १९५६ ची फ्रँक-वुल्फ पद्धत बरी. उत्तराच्या जवळ झटकन पोचते, शेवटी मात्र रखडते. आपले आकडेच ढोबळ, तेव्हा तेवढे पुरे. पण कोणती टोळी कोणाच्या फडात, हे अर्धेमुर्धे वाटता येत नाही. तिथे जॉन हॉलंड यांनी १९७५ च्या ग्रंथात मांडलेली जनुकीय पद्धत उपयोगी. चांगली वेळापत्रके निवडायची, त्यांची सरमिसळ करायची, पुन्हा निवडायची. सर्वोत्तमाची हमी नाही, पण काम भागते.

मात्र कोणत्याही पद्धतीला 'एकूण वेळ कमी कर' एवढेच सांगितले, तर आडवळणाचा एकरभर उसाचा सभासद मागे पडेल आणि कागदावर हिशेब बरोबरच दिसेल! म्हणून एकूण वेळ कमी करायचा, की सर्वात जास्त थांबणाऱ्याचा, हे वार्षिक सभेत ठरावे. डांबरीने आज कोण, उद्या कोण, याची पाळी गट ऑफिसच्या फळ्यावर लागावी. सावड आपल्याला नवी नाही. मशिनला ती माहीत नसते, आपणच सांगावी लागते.

— एक ऊस उत्पादक सभासद