मेल्विनिया, किंमत ४७५ डॉलर

१८५० साली साउथ कॅरोलिनातल्या डेव्हिड पॅटर्सन नावाच्या म्हाताऱ्या जमीनदाराने मृत्युपत्र केलं. चरखे, विळे, टेबलावर घालायची कापडं, गुरंढोरं अशी एकेक वस्तू त्याने वारसांत वाटली, आणि त्याच वाटणीत एक सहा वर्षांची मुलगीही होती. नाव मेल्विनिया. आडनाव नाही, आईबापाचा पत्ता नाही. दोन वर्षांनी पॅटर्सन वारला, इस्टेटीची मोजदाद झाली आणि मुलीच्या नावापुढे आकडा पडला: ४७५ डॉलर. पुढे तिची रवानगी जॉर्जियात, पॅटर्सनच्या लेकी-जावयाच्या शेतावर झाली. जावयाचं नाव हेन्री शील्ड्स.

ही मेल्विनिया म्हणजे मिशेल ओबामा यांची आईकडून मोजत गेल्यास पाच पिढ्यांमागची पूर्वज. ऑक्टोबर २००९ मध्ये वंशावळ-संशोधक मेगन स्मोलेन्याक आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ यांनी मिळून हा धागा लोकांपुढे आणला, आणि त्या वृत्तपत्राच्या पत्रकार रेचल स्वार्न्स यांनी पुढे त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. अमेरिकेच्या पहिल्या नागरिकाच्या पत्नीचं घराणं कुठून आलं, हे शोधायला राजवाड्यांची बखर उपयोगाची नव्हती. मृत्युपत्रं, इस्टेटीच्या याद्या, जनगणनेची पानं, विवाहाच्या आणि मृत्यूच्या नोंदी हेच भांडवल होतं.

अमेरिकेत वंशावळ हा घरोघरचा छंद आहे आणि मोठा धंदाही. आपला कोणी पूर्वज मेफ्लॉवर जहाजातून उतरला होता का, कोणी स्वातंत्र्ययुद्धात लढला होता का, हे शोधण्यात माणसं निवृत्तीनंतरची वर्षं घालवतात. त्यात वाईट काही नाही. पण या छंदाचा खरा कस लागतो तो ज्यांच्याकडे मिरवायला काही ठेवलंच गेलं नाही अशा कुटुंबांच्या बाबतीत. तिथे लक्षात येतं की सरकारी कागद कोणाच्या आठवणीसाठी लिहिलेला नसतोच. जनगणना प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवण्यासाठी, इस्टेटीची यादी वारसांची भांडणं टाळण्यासाठी, पेन्शनची फाइल खजिन्यातला पैसा भलत्याच्या हाती पडू नये म्हणून. कागद कोणी लिहिला आणि कशासाठी लिहिला, हे विचारल्याशिवाय त्यावरचा मजकूर वाचूच नये.

जनगणनेचंच पाहा. १७९० पासून दर दहा वर्षांनी ती होत आली, पण पहिल्या सहा खेपांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी घर नुसत्या आकड्यांत. १८५० मध्ये पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं. गुलामांसाठी वेगळा तक्ता होता. मूळ आराखड्यात त्यातही नावाचा रकाना होता. दक्षिणेतल्या सेनेटरांनी तो काढायला लावला, आणि नावाच्या जागी क्रमांक आला. मालकाचं नाव वर, खाली वय, लिंग, रंग. १८६० च्या जनगणनेत असे सुमारे ३९ लाख ५० हजार लोक मोजले गेले आणि त्यांतल्या जवळपास कोणाचंही नाव लिहिलं गेलं नाही. मोजायचं मात्र होतंच. राज्यघटनेनुसार गुलामाची गणती तीनपंचमांश धरून दक्षिणेच्या पदरात जास्तीच्या जागा पडत होत्या.

मालकांच्या खासगी वह्यांत मात्र नावं असायची, कारण आपला माल कुठला हे मालकाला ओळखता यायला हवं. गुलामीत जन्मलेले नामवंत वक्ते फ्रेडरिक डग्लस यांना आपली जन्मतारीख कधीच खात्रीने कळली नाही. म्हातारपणीही ते लोकांना विचारत फिरत होते. १८९५ मध्ये ते गेले. मेरीलँडमध्ये त्यांचा पहिला मालक असलेल्या अ‍ॅरन अँथनीच्या वहीत, हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस, फेब्रुवारी १८१८ अशी नोंद सापडते, आणि ती लोकांसमोर आणली डिक्सन प्रेस्टन या पत्रकार-अभ्यासकाने, १९८० च्या पुस्तकात. ज्याच्या शब्दाने सभा हलायच्या, त्या माणसाचा वाढदिवस मालकाच्या हिशेबात पडून होता!

म्हणून काळ्या अमेरिकन कुटुंबांच्या शोधात १८७० हे साल भिंतीसारखं उभं राहतं. यादवी युद्ध संपल्यावरची ही पहिली जनगणना, आणि मुक्त झालेली माणसं पहिल्यांदाच नाव-आडनावासह तिच्यात उमटली. भिंतीपलीकडे डोकवायचं तर शोध माणसाचा न घेता त्याच्या मालकाचा घ्यावा लागतो. त्यासाठी एक साधी युक्ती जाणकार वापरतात: पानावरचं फक्त आपलं घर वाचायचं नाही, वरची-खालची दहा-वीस घरंही वाचायची. गणनेचा कारकून दारोदार चालत जायचा, त्यामुळे यादीतला शेजार हा बहुतेक वेळा जमिनीवरचाही शेजार असतो.

१८७० च्या पानावर मेल्विनिया भेटते. वय २६, शेतमजूर. शेजारची जमीन हेन्री शील्ड्सचा मुलगा चार्ल्स याची. मेल्विनियाच्या चार मुलांपैकी तिघांच्या रंगाच्या रकान्यात मिश्रवर्णीय अशी खूण आहे, त्यात थोरला डॉल्फसही आला. मुलांना आडनाव शील्ड्स. एक मूल तर गुलामी कायद्याने संपल्यानंतर चार वर्षांनी जन्मलेलं.

आता इथे लेखणी सावरावी लागते. पुढे डीएनए चाचण्यांवरून दिसलं की डॉल्फसचा बाप हा बहुधा मालकाचा मुलगा चार्ल्स शील्ड्स असावा. पण मेल्विनिया आणि चार्ल्स यांच्यामध्ये काय होतं? जबरदस्ती होती, धाक होता की आणखी काही, हे कुठल्याच कागदावर नाही. मुक्तीनंतरही ती तिथेच राहिली एवढ्यावरून काही जण प्रेमकथा रचायला धावतात. ज्या मुलीला विकता येत होतं, तिच्या ‘हो’ला किंमत किती, हा प्रश्न त्या कथेत बसत नाही म्हणून गाळला जातो. कागद गप्प असेल तिथे लिहिणाऱ्यानेही गप्प बसावं. स्वार्न्स यांनी तेवढा संयम ठेवला, हे त्यांच्या कामाचं मोठेपण.

पुढचा भाग मात्र कागदांनीच सांगितलेला, आणि तो जास्त बोलका आहे. तिशी-चाळिशीत केव्हातरी मेल्विनिया त्या शेतावरून निघाली आणि अलाबामाच्या सीमेकडच्या बार्टो काउंटीत गेली. तिथे तिच्या शेजारात मरायाह आणि बोलस ईझ्ली हे कुटुंब होतं. हे दोघेही मूळचे साउथ कॅरोलिनातल्या त्याच पॅटर्सनच्या इस्टेटीवरचे. लहानपणी तुटलेली माणसं, ना पत्र, ना अक्षरओळख, आणि तरी त्यांनी एकमेकांना शोधून काढलं. डॉल्फसचं लग्न ईझ्लींच्या मुलीशी, अ‍ॅलिसशी झालं. तो पुढे बर्मिंगहॅमला गेला, सुतारकाम करू लागला, स्वतःचं घर केलं, चर्चच्या उभारणीत पुढे राहिला, १९५० मध्ये वारला. मेल्विनिया १९३८ पर्यंत जगली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईबापांच्या नावाच्या रकान्यात नातलगाने लिहवलं आहे: माहीत नाही.

मुक्त झालेल्या लोकांचे सगळेच कागद असे हात आखडून लिहिलेले नाहीत. १८६५ मध्ये त्यांच्यासाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक निघाली. खातेदारांपैकी बहुतेकांना सही करता येत नव्हती, म्हणून ओळख पटवायला कारकून विचारायचे: जन्म कुठला, आईबाप कोण, भावंडं कुठे आहेत, आधीचा मालक कोण. बँकेच्या सुरक्षिततेसाठी विचारलेले हे प्रश्न आज कित्येक घराण्यांच्या कहाणीचा पहिला धडा झाले आहेत. बँक मात्र १८७४ मध्ये बुडाली, एकसष्ट हजारांवर खातेदारांचे जवळजवळ तीस लाख डॉलर अडकले. शेवटच्या महिन्यांत तिचे अध्यक्ष होते तेच फ्रेडरिक डग्लस, आणि त्यांनी स्वतःच्या खिशातले दहा हजार डॉलर तिच्यात घातले होते. लोकांचे पैसे गेले, वह्या राहिल्या. त्या वह्यांतली सुमारे चार लाख ऐंशी हजार नावं शोधण्याजोगी करण्याचं काम अकरा वर्षं चाललं, २००१ मध्ये पुरं झालं, आणि ते केलं यूटाच्या तुरुंगातल्या कैद्यांनी.

पेन्शनच्या फायली तर कादंबरीच्या तोडीच्या. युद्धात लढलेल्या काळ्या सैनिकांच्या विधवांना पेन्शन हवी तर लग्न सिद्ध करा, असं सरकार म्हणे. गुलामांच्या लग्नाला कायदाच नव्हता, मग दाखला आणायचा कुठून? शेजारी, सोबती, कधी जुना मालक, यांचे जबाब घेतले जायचे. गुलामांना पळवून नेण्याच्या कामाशी जिचं नाव जोडलं जातं त्या हॅरिएट टबमनलाही यातून सुटका नव्हती. तिचा नवरा नेल्सन डेव्हिस सैन्यात नेल्सन चार्ल्स या नावाने नोंदवलेला, कारण चार्ल्स हे त्याच्या जुन्या मालकाचं आडनाव. हा तो आणि तो हाच, हे पटवून देण्यात वर्षं गेली. १८९५ मध्ये तिला महिन्याला आठ डॉलर मंजूर झाले. सरकारच्या संशयखोरपणामुळे त्या बाईला मनस्ताप झाला, आणि त्याच संशयामुळे आज तिच्या संसाराचे जबाब राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

गोऱ्या कुटुंबांचं सगळं सरळ असतं असंही नाही. अब्राहम लिंकन यांच्या आईवडिलांचं लग्न झालंच नव्हतं, अशी कुजबुज वर्षानुवर्षं चालू होती, कारण केंटकीतल्या हार्डिन काउंटीच्या दप्तरात नोंद सापडत नव्हती. नोंद होती, पण शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, १२ जून १८०६ ची. ती हाती आली १८७८ मध्ये, लिंकन यांच्या हत्येनंतर तेरा वर्षांनी. कागद हरवलेला नसतो, चुकीच्या कचेरीत शोधलेला असतो, हे तिथल्या शोधकांना पदोपदी अनुभवायला मिळतं. काउंट्यांच्या सीमाही सतत हलत होत्या. शील्ड्सचं शेत ज्या क्लेटन काउंटीत, ती १८५८ च्या अखेरीस हेन्री आणि फेएट या दोन काउंट्यांतून कापून काढलेली. त्याआधीचे कागद जुन्या दोघींकडे.

मराठी वाचकाला हा सगळा काळ वाटतो तेवढा परका नाही. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या, गुलामीविरुद्ध झटलेल्या लोकांना. मेल्विनिया जुन्या मालकाच्या मुलाच्या शेजारी मजुरी करताना जनगणनेत उमटली, त्याला तेव्हा तीन वर्षंच झाली होती. पुण्यातून ज्या मुक्तीकडे इतक्या आशेने पाहिलं जात होतं, तिचं जमिनीवरचं रूप काय होतं ते या नोंदींतून कळतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला हवेत.

कागद जपायचे म्हणजे काय, याबाबत अमेरिकी सरकारचं वागणं मात्र फार कौतुकाचं नाही. १८९० च्या जनगणनेचे तक्ते वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीत ठेवलेले होते. १० जानेवारी १९२१ ला तिथे आग लागली. काही जळलं, बरंच पाण्याने भिजलं. पण उरलेलं आगीने गेलं नाही. ते सरकारने स्वतः नष्ट केलं, आणि त्या यादीला काँग्रेसची मंजुरी मिळाली २१ फेब्रुवारी १९३३ रोजी. आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या इमारतीची कोनशिला बसवली होती! सहा कोटी एकोणतीस लाखांहून अधिक माणसांच्या नोंदींपैकी जेमतेम सहा हजार नावं शिल्लक आहेत. १८८० ते १९०० अशी वीस वर्षांची पोकळी राहिली, आणि नेमक्या त्याच काळात मेल्विनियाची आणि डॉल्फसची पिढी गावं बदलत होती.

आजचा धोका आगीचा कमी, कुलपाचा जास्त आहे. जनगणनेचे तपशील बहात्तर वर्षं गुप्त ठेवण्याचा अमेरिकी नियम समजण्याजोगा आहे. त्यात जिवंत माणसांच्या खासगीपणाची बूज आहे. पण बहात्तर वर्षं उलटल्यावरही, करदात्यांच्या पैशांनी गोळा केलेली पानं एखाद्या कंपनीच्या वर्गणीआड जावीत, हे पटण्यासारखं नाही. अभिलेखागारांकडे स्कॅन करायला पैसा नसतो, म्हणून खासगी कंपन्यांशी करार होतात. कंपनी कागदांचं डिजिटल रूप करते आणि वर्गणी लावते. अ‍ॅन्सेस्ट्री ही या धंद्यातली सगळ्यांत मोठी कंपनी २०२० मध्ये ब्लॅकस्टोनने ४.७ अब्ज डॉलरना घेतली. तिनेच २०२१ मध्ये मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी ब्यूरोच्या नोंदी फुकट खुल्या केल्या, हे चांगलंच झालं, पण ज्यांची आजी-पणजी मालमत्तेच्या यादीत लिहिली गेली, त्यांनी ती यादी पाहण्यासाठी कंपनीच्या औदार्याची वाट का पाहावी?

सरकारला हे जमतं, हे दिसलेलंही आहे. १ एप्रिल २०२२ रोजी १९५० ची जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराने पहिल्याच दिवशी सर्वांसाठी विनाशुल्क उघडली. हस्ताक्षर वाचायला संगणक लावला आणि त्याने चुकीची वाचलेली नावं दुरुस्त करायची सोय लोकांना दिली. १९६० च्या जनगणनेची पाळी २०३२ मध्ये येईल. तिची पानं कोणाच्या खर्चाने स्कॅन होणार आणि कोणाच्या दारातून लोकांपर्यंत पोहोचणार, हे अमेरिकी काँग्रेसने आत्ताच ठरवावं. उरलेली वर्षं अंदाजपत्रकाच्या हिशेबाने फार नाहीत, आणि ऐनवेळी पैसा नाही म्हटलं की करार कोणाशी होतात ते आता सगळ्यांना माहीत आहे.