संख्याशास्त्रातील स्वावलंबन

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी उन्हातान्हात खेडोपाडी हिंडून प्रश्नावल्या भरून घेतो आणि त्या आकड्यांचे विश्लेषण मात्र पैसे मोजून दुसऱ्याकडून करवून घेतो, अथवा महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत वापरतो. पहिल्यात परावलंबन आहे, दुसऱ्यात अप्रामाणिकपणा. विद्यामंदिरात दोन्हीही शोभत नाहीत.

यावर उपाय आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी घडविलेली 'आर' ही संगणकीय भाषा १९९५ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. तिची मूळ संहिता कोणीही पाहावी, सुधारावी, इतरांस द्यावी. उत्तर कसे आले हे विद्यार्थ्याला तपासता येते, हा तिचा खरा लाभ. पैशाची बचत हा दुय्यम.

'ही भाषा परदेशी. मग स्वदेशीचे काय?' असे कोणी विचारील. स्वदेशी म्हणजे जगाकडे पाठ फिरविणे नव्हे. आपली बुद्धी दुसऱ्याच्या कुलपात न ठेवणे, हा तिचा अर्थ. शिवाय या ज्ञानात आपलाही वाटा आहे. समूहाच्या मध्यापासून नोंदीचे अंतर मोजण्याची रीत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडली. 'आर'मधील त्यासाठीच्या आज्ञेला त्यांचेच नाव आहे. सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांनी पीक-उत्पन्नाच्या अंदाजासाठी नमुना-पाहणीचा शास्त्रशुद्ध पाया घातला. हा वारसा केवळ जयंतीपुरता उरू नये.

मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' उपक्रम 'आर'सारख्या मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. तेथीलच 'स्पोकन ट्युटोरियल'ने मराठीसह अनेक भारतीय भाषांत संगणकाचे पाठ सिद्ध केले आहेत. उणीव साधनांची नाही, सातत्याची आहे. दोन दिवसांची कार्यशाळा, दीपप्रज्वलन, प्रमाणपत्रांचे वाटप आणि पुढच्या आठवड्यात सारे विस्मरणात, हे चित्र पालटले पाहिजे. आधी अध्यापक शिकावेत. सराव परक्या उदाहरणांवर न होता आपल्या तालुक्यातील पाऊस आणि बाजार समितीतील कांद्याचे भाव यांवर व्हावा. परीक्षेतही प्रात्यक्षिकाला स्थान मिळावे.

संगणक क्षेत्रातील कार्यकर्त्यांनी रविवारचे दोन तास जवळच्या महाविद्यालयाला दिले, तर हे अशक्य नाही. मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळते. ते वापरण्याची विद्या मात्र कोणीतरी आपला वेळ खर्चून द्यावी लागते. आपल्या समाजाचे आकडे आपणच वाचू शकणारी पिढी घडविणे, हेही राष्ट्रकार्यच आहे.