उंदराचें पोट आणि माणसाचा रोग

वैद्यकशास्त्राचें १९२६ सालचें नोबेल पारितोषिक कोपनहेगनच्या योहानेस फिबिगर यांना मिळालें. झुरळांच्या द्वारें एक कृमि उंदरांच्या पोटांत घालून त्यांच्या जठरांत कर्करोग उत्पन्न करतां येतो, हें त्यांनीं सिद्ध केलें, अशी सर्वांची समजूत झाली होती. पुढें निष्पन्न झालें तें निराळेंच. त्या गांठी कर्करोगाच्या नव्हत्याच. अ जीवनसत्त्वाच्या अभावाशीं त्यांचा संबंध होता. आणि त्या होत्या कोठें? उंदराच्या जठराच्या पहिल्या भागांत, जेथील अस्तर त्वचेसारखें असतें व पाचक ग्रंथि नसतात. मनुष्याच्या जठराला असा भागच नाहीं! फिबिगर १९२८ सालीं वारले. ही फजिती पाहण्याची पाळी त्यांच्यावर आली नाहीं.

हें जुनें प्रकरण उकरून काढण्यांत त्या प्रामाणिक संशोधकाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु तीच चूक आज अधिक थाटामाटानें होत आहे. आज उंदराला कृमि चारून कोणी थांबत नाहीं; त्याचीं जनुकेंच पालटतात, आणि तयार झालेल्या प्राण्याला ‘मानवी जठरकर्करोगाची प्रतिकृति’ असें भारदस्त नांव देतात. मग वृत्तपत्रांत ‘जठराच्या कर्करोगावर विजय’ असा मथळा झळकतो आणि उंदीर बिचारा तिसऱ्या परिच्छेदांत दडून बसतो. ज्या घरांत कोणी या रोगानें अंथरुणाला खिळलें आहे, तेथील माणसें तिसऱ्या परिच्छेदापर्यंत थांबत नाहींत. तीं कात्रण घेऊन डॉक्टरांचें दार ठोठावतात. डोंगर पोखरून उंदीर निघाला, तर त्याला निदान उंदीर म्हणावें!

या प्रतिकृतींत मूळ कितीसें उतरलें आहे? १९९८ सालीं न्यूझीलंडमधील एका माओरी कुळांत पिढ्यान्‌पिढ्या बळी घेणाऱ्या जठराच्या कर्करोगाचें कारण सीडीएच-१ या जनुकांतील दोष हें आहे, असें आढळलें. आईबापांकडून आलेल्या दोन प्रतींपैकीं एक जन्मतः सदोष असली, कीं मनुष्याला या रोगाचा मोठा धोका असतो. उंदराची तीच एक प्रत बिघडविली, तर त्याला आपोआप हा रोग होत नाहीं. शेवटीं जपानी संशोधकांनीं त्याच्या जठराच्या पेशींतून दोन्ही प्रती काढल्या, शिवाय पी-५३ हें दुसरें रक्षक जनुकही नष्ट केलें, तेव्हां कोठें २०१२ सालीं हवा तसा रोग उमटला. ही प्रतिकृति कीं मागणीप्रमाणें बनविलेला माल?

रोगाच्या वाटचालीचेंही तेंच. पेलायो कोरेया यांनीं १९७५ सालीं कोलंबियांतील माणसांच्या अभ्यासावरून तिची मांडणी केली: आधीं सूज, मग ग्रंथींचा ऱ्हास, मग जठराच्या अस्तराला आंतड्याचें रूप, आणि अखेर कर्करोग. हा प्रवास माणसांत कित्येक दशकें चालतो. उंदरांत त्यांतील आंतड्याची पायरी खऱ्या स्वरूपांत क्वचितच दिसते.

‘मग काय माणसांवर प्रयोग करावयाचे?’ असा प्रश्न आमच्या तोंडावर फेकण्यांत येईल. बॅरी मार्शल यांनीं, डुकराच्या पिलांवरील प्रयत्न फसल्यावर, १९८४ सालीं हेलिकोबॅक्टर हे जंतु स्वतः पिऊन जठराला सूज आणून घेतली हें खरें. पण असलें धाडस सर्वांनीं करावें, असें कोण म्हणेल? उंदीर ठेवावाच. मात्र त्याला त्याच्या आवांक्यांतला प्रश्न विचारावा. गॅस्ट्रिन हें संप्रेरक जादा स्रवेल अशी योजना केलेल्या उंदराला सुमारें वीस महिन्यांत जठराचा कर्करोग होतो. त्याच जातीचा उंदीर जन्मापासून निर्जंतुक पेटींत वाढवून त्याला एकटा हेलिकोबॅक्टर दिला, तर रोगाची गति मंदावते, हें २०११ सालीं दिसून आलें. अर्थात्‌ इतर जंतूंचाही या कारस्थानांत हात असला पाहिजे. माणसाचें मूल असें पेटींत कोण वाढवील? येथें उंदराचें ऋण निमूटपणें मान्य केलें पाहिजे. पण त्यानें दिलें तें एका प्रश्नाचें उत्तर, औषध नव्हे.

सीडीएच-१ चा दोष घेऊन जन्मलेलीं कित्येक तरुण माणसें आज रोगाची वाट न पाहतां आपलें संपूर्ण जठर काढून घेतात. पुढें आयुष्यभर त्यांना थोडें थोडें, वारंवार खावें लागतें. हा निर्णय तीं घेतात तो आपल्या रक्ताच्या तपासणीवरून आणि आजी, काका, बहीण कशानें गेलीं याच्या घरांतल्या हिशोबावरून.