चर्चची ‘पर्यावरण समिती’ नेमकं करणार काय? वसईकडे एक उत्तर आहे, पण टिटवाळ्याला ते जसंच्या तसं लागू होत नाही

टिटवाळा म्हटलं की महागणपती. मंदिरापासून जवळच काळू नदी वाहते, पुढे ती उल्हासला मिळते आणि उल्हासचंच पाणी कल्याण-डोंबिवलीच्या नळाला येतं. जुलै २०२१ च्या पुरात मोहिलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी शिरलं, तेव्हा बाहेर पूर आणि घरात नळ कोरडा अशी गत झाली होती.

आता समजा, याच पट्ट्यातल्या एखाद्या चर्चने पर्यावरणासाठी समिती काढली. तिने पहिलं काम कोणतं करायचं? झाडं लावायची, की या नदीबद्दल बोलायचं?

हा प्रश्न आज जगभरातल्या चर्चपुढे आहे. त्याचं झालं असं, की २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ नावाचं परिपत्रक काढलं. पोपचं परिपत्रक म्हणजे कॅथलिक चर्चच्या अधिकृत शिकवणीचा भाग. हे पर्यावरणावर होतं आणि त्यात पिण्याच्या पाण्यावर वेगळा भाग होता. पुढे २०२१ मध्ये व्हॅटिकनने सात वर्षांचा कृती कार्यक्रम सुरू केला. त्यात सात उद्दिष्टं आहेत आणि कुटुंबापासून शाळा, दवाखाने, धर्मग्रामांपर्यंत सगळ्यांनी आपापला आराखडा बनवायचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सिस गेले, पण विषय थांबला नाही. नवे पोप लिओ यांनी त्याच जुलैमध्ये सृष्टीच्या रक्षणासाठीची खास मिस्सा अर्पण केली.

आराखडा करायच्या आधी चर्चमध्ये एक टप्पा असतो, त्याला ‘डिसर्नमेंट’ म्हणतात. म्हणजे प्रार्थना करून, एकमेकांचं ऐकून, ‘देवाला आपल्याकडून इथे काय हवंय’ हे शोधणं. त्यातून व्हिजन आणि मिशन ठरतं. गडबड इथेच होते. ‘हरित, सुंदर, निरोगी वसुंधरा’ असं व्हिजन कुठेही चालतं. टिटवाळ्यात चालतं, टोरांटोतही चालतं. मग वर्षाला एक वृक्षारोपण, एक पोस्टर स्पर्धा आणि कापडी पिशव्यांचं वाटप. वाईट काहीच नाही, पण त्याने नदीला फरक पडत नाही.

गंमत म्हणजे फ्रान्सिस यांनी हे ओळखलं होतं. त्याच परिपत्रकात ते दिवे बंद करणं, कचरा वेगळा करणं अशा छोट्या सवयींचं कौतुक करतात आणि नंतर सांगतात, की समाजाचे प्रश्न एकेकट्याच्या चांगुलपणाची बेरीज करून सुटत नाहीत, त्याला लोकांची एकजूट लागते.

ही एकजूट महाराष्ट्राने पाहिली आहे, तीही ‘लाउदातो सी’च्या पंचवीसेक वर्षं आधी. वसईत.

१९८० च्या दशकाच्या शेवटी वसईच्या हिरव्या पट्ट्यात इमारती घुसू लागल्या. विहिरींचं गोडं पाणी टँकरने उपसलं जात होतं. १९९० मध्ये सिडकोकडे इथल्या नियोजनाचे अधिकार गेले. केळीच्या, पानाच्या, भाजीच्या वाड्यांवर जगणाऱ्या माणसाला हे थेट पोटावर आलेलं संकट होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. ते हरित वसई संरक्षण समितीसोबत रस्त्यावर उतरले. बिल्डर आणि गुंडगिरी या दोन्हींविरुद्ध बोलले. चळवळीत हिंदूही होते, ख्रिस्तीही होते. हेच दिब्रिटो पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

वसई वाचली का? पूर्ण नाही. आज तिथे किती टॉवर आहेत ते लोकलमधून दिसतं. पण लढाई कशासाठी आहे, हे तिथे कुणाला कागदावर लिहून द्यावं लागलं नाही. विहीर समोर होती.

मग टिटवाळा-कल्याणने वसईची कॉपी करायची? इथेच अडतं. वसईच्या ख्रिस्ती समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या आणि विहिरी होत्या. कल्याण पट्ट्यातला ख्रिस्ती समाज बराचसा नोकरीनिमित्त आलेला. केरळमधून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांची संख्या इतकी होती की १९८८ मध्ये त्यांच्यासाठी कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांत झाला. हा माणूस फ्लॅटमध्ये राहतो, लोकल पकडतो, पाणी नळातून घेतो. नदीशी त्याचं नातं बिलापुरतं. शिवाय संख्येने थोडा, त्यामुळे जाहीर भूमिका घ्यायला बिचकणं स्वाभाविक आहे.

पण त्याच्याकडेही ताकद आहे. दर रविवारी एकत्र येणारी माणसं, शाळा, मोठी छपरं आणि डॉक्टर, इंजिनिअर, नर्स असे जाणकार लोक. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचं प्रकरण ‘वनशक्ती’ संस्थेने हरित लवादात नेलं होतं, म्हणजे रस्ता पाडलेला आहे. सांडपाणी कुठे सुटतं याची पाहणी करणं, माहितीचा अधिकार वापरणं, मंदिर आणि मशिदीच्या लोकांना सोबत घेणं, हे थोड्या लोकांनाही जमतं. नदी सगळ्यांचीच असल्यामुळे ‘चर्चचा अजेंडा’ हा आरोपही मग टिकत नाही.

खरी कसोटी मात्र वेगळी आहे. नाल्यात सांडपाणी सोडणाऱ्या गृहप्रकल्पाचा बिल्डरच चर्चच्या हॉलला देणगी देऊ लागला, तर ती घ्यायची का? आणि समितीतलीच चार कुटुंबं त्या प्रकल्पात राहत असतील तर तक्रारीवर सही कोण करणार? मिशन लिहायला बसलेल्यांनी व्हिजनच्या वाक्यापेक्षा या दोन प्रश्नांवर जास्त वेळ घालवलेला बरा.