पोटात शिंगरू असलेली चिमुकली घोडी

वाचकहो, गाय विणार म्हणून गोठ्यात रात्र जागवली नाही असे शेतकऱ्याचे घर विरळाच. आधी दोन पुढचे खूर आणि त्यांवर टेकलेले तोंड दिसले, की घरधनिणीचा जीव भांड्यात पडतो. घोडीचेही तसेच. शिंगरू सरळ असेल तर सुटका लवकर होते, आडवे असेल तर डॉक्टरांना बोलवावे लागते. आज अशाच एका गाभण घोडीची हकीकत सांगायची आहे. फरक एवढाच, की ती मेली त्याला सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षे झाली!

जर्मनीत डार्मस्टाट शहराजवळ मेसेल नावाचे गाव आहे. तिथे पूर्वी ज्वालामुखीच्या विवरात खोल तळे होते. तळाच्या पाण्यात प्राणवायू नसल्याने बुडालेली जनावरे कुजून नाहीशी झाली नाहीत. त्यांच्यावर गाळाचे थर बसले आणि त्यांचा दगड झाला. या दगडात सन २००० मध्ये शास्त्रज्ञांना ही घोडी सापडली. तिच्या जातीला ‘युरोहिप्पस’ म्हणतात.

घोडी म्हटल्यावर टांग्याची घोडी डोळ्यांपुढे आणू नका. ही घरच्या लहानशा कुत्र्याएवढी, खांद्याशी हातभरही उंच नव्हती. एका खुराऐवजी तिच्या पुढच्या पायांना चार-चार आणि मागच्यांना तीन-तीन बोटे होती. त्या काळी मोकळी गवताची कुरणे नव्हती, दाट जंगल होते. मेसेलच्या अशा काही घोड्यांच्या पोटात झाडाची पाने आणि द्राक्षाच्या बिया मिळाल्या आहेत. आजच्या घोड्याची ती थेट आजी नव्हे, भाऊबंदकीतली म्हणावी. तिचा वंश पुढे खुंटला. पण बोटांची खूण आजच्या घोड्यातही उरली आहे. त्याच्या पायाच्या नळीला दोन्ही बाजूंनी चिकटलेली दोन बारीक हाडे असतात, ती या जुन्या बोटांचीच.

या घोडीच्या पोटात जेमतेम १२-१३ सेंटीमीटरचे शिंगरू होते. क्ष-किरणांनी बारकाईने तपासून सन २०१५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. डोक्याचे हाड चेपलेले, पण बाकीची बहुतेक हाडे जागच्या जागी. दुधाचे दात तयार झालेले, म्हणजे दिवस भरत आले होते. नवलाची गोष्ट अशी, की वार आणि गर्भाशयाला पाठीशी धरून ठेवणारा पडदा यांच्याही खुणा दगडात उमटल्या आहेत, आणि त्या आजच्या घोडीसारख्याच आहेत. देह केवढा बदलला, पण पोटात पिल्लू सांभाळण्याची रीत तीच!

मग ती विताना अडली होती का? नाही. शिंगरू अजून उलटे होते, जन्माच्या वेळी वळते तसे वळले नव्हते. म्हणजे कळा सुरू होण्यापूर्वीच माय-लेकरू गेली.

आता खरी काळजीची गोष्ट. मेसेलच्या या दगडात तेल असते. त्यासाठी तिथे वर्षानुवर्षे खाण चालली आणि १९७१ मध्ये बंद पडली. मग त्या मोठ्या खड्ड्यात शहरांचा कचरा टाकायचे ठरले! आसपासचे लोक आणि शास्त्रज्ञ जवळजवळ वीस वर्षे झगडले. अखेर १९९१ मध्ये तेथील राज्य सरकारने खाण विकत घेतली आणि १९९५ मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. लोक गप्प बसले असते, तर २००० साली मिळालेली ही घोडी कचऱ्याखाली कायमची गाडली गेली असती.

आपल्याकडेही चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा गावच्या शिवारात प्राचीन महाकाय सरड्यांची हाडे मिळाली आहेत. तेव्हा विहीर खणताना किंवा नांगरताना दगडात हाड, दात किंवा शिंपला दिसला, तर पहार मारून फोडू नका. जागा लक्षात ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातील भूगर्भशास्त्राच्या गुरुजींना दाखवा. आपल्या बांधावरचा एखादा धोंडा काय सांगेल, कुणी सांगावे!