दोन स्वयंपाकी, एक शेगडी

भाच्याने परवा मला एक कोष्टक पाठवलं. तीन आठवड्यांपूर्वी याच जागी मी टेराफ्लॉपची, म्हणजे गेम कन्सोलच्या गणनाशक्तीच्या मापाची, तुलना मिक्सरवर छापलेल्या वॅटशी केली होती, ती त्याच्या जिव्हारी लागलेली दिसते. कोष्टकात दोन रकाने. एक्सबॉक्स सीरीज एक्स, बारा टेराफ्लॉप. प्लेस्टेशन 5, सव्वादहा. खाली लाल अक्षरांत: 'मामा, आता बोल.'

बोलतो. ही दोन्ही यंत्रं 2020 च्या नोव्हेंबरात एकाच आठवड्यात बाजारात आली आणि त्यातलं बारावालं मागे पडलं. किती मागे, ते एक्सबॉक्सवाली मायक्रोसॉफ्ट सांगत नाही. विकलेल्या यंत्रांचा आकडा जाहीर करणं या कंपनीने 2015 मध्येच थांबवलं. निकालाच्या दिवशी पोरगा मार्कांचा विषय सोडून 'यंदा शिकायला खूप मिळालं' म्हणायला लागला, की घरच्यांनी काय ते समजायचं असतं.

पण या जोडीत मला फारसा रस नाही, अजून धूळ बसायची आहे. कन्सोल मागे का पडतो हे ज्याला खरंच समजून घ्यायचं असेल त्याने तीस वर्षं मागे जावं आणि सेगाचं सॅटर्न आणि सोनीचं पहिलं प्लेस्टेशन शेजारी शेजारी ठेवावं. जपानात सॅटर्न आलं 22 नोव्हेंबर 1994 ला, प्लेस्टेशन 3 डिसेंबरला. मध्ये अवघे अकरा दिवस. दोन्हींत सीडी, दोन्हींचा भर त्रिमितीवर. सोनी या धंद्यात नवखी; सेगा म्हणजे आर्केडमधली मातब्बर आणि घराघरांतल्या सोनिक या गेमपात्राची मालकीण. कुणीही पैज सेगावर लावली असती. मीही लावली असती. शेवटचा हिशेब असा: सॅटर्न साधारण 93 लाख, प्लेस्टेशन 10 कोटींच्या वर.

आता झाकण उघडून आत बघू. प्लेस्टेशनमध्ये एक मुख्य प्रोसेसर, त्याच्याच चिपवर त्रिमितीचं गणित करणारा मदतनीस आणि चित्र काढणारी वेगळी चिप. कुणी काय करायचं हे ठरलेलं. सॅटर्नमध्ये लहानमोठे मिळून आठ प्रोसेसर. मुख्य म्हणावेत असे दोन, हिताचीचे, अगदी जुळे. सोनीच्या यंत्राची ताकद कानावर आल्यावर सेगाने दुसरा बसवला, असं नेहमी सांगितलं जातं. घरचं झालं थोडं, त्यात व्याह्यानं धाडलं घोडं! कागदावर ताकद दुप्पट. भाच्याच्या कोष्टकात सॅटर्नचा रकाना केवढा फुगला असता.

पण हे दोन स्वयंपाकी एकाच शेगडीवर उभे होते. मेमरीकडे जाणारी वाट दोघांत मिळून एकच. एक तिथे काही आणायला गेला की दुसरा हातात झारा घेऊन ताटकळत उभा. दोघांना सतत कामात ठेवायचं, तेही एकमेकांच्या पायात न येता, हे त्या काळच्या प्रोग्रामरला कुणी शिकवलंच नव्हतं. बहुतेकांनी काय केलं असेल? एकाला कामाला लावलं आणि दुसऱ्याला ओट्याशी उभं ठेवलं. सेगाचे स्वतःचे यू सुझुकी, म्हणजे 'व्हर्च्युआ फायटर' घडवणारा माणूस, त्यांनीच तेव्हा म्हणून ठेवलं होतं की या यंत्रातून असा वेग काढू शकणारा प्रोग्रामर शंभरात एखादाच. बाकीच्या नव्याण्णवांनी मग सोनीचा रस्ता धरला.

आणखी एक भानगड. त्रिमितीतली आकृती बहुतेक जगाने त्रिकोणांतून जुळवायची ठरवली होती, प्लेस्टेशनही त्रिकोणच काढायचं. सॅटर्नची चित्रचिप चौकोन काढायची. दुसऱ्यासाठी केलेला गेम सॅटर्नवर आणायचा तर चौकोनाचे दोन कोपरे मोदकाच्या पाकळ्यांसारखे चिमटून त्रिकोण करत बसायचं. सपाट, द्विमितीच्या खेळांत सॅटर्न अप्रतिम होतं, हे मी शंभर वेळा मान्य करीन. पण लोकांनी नेमका तेव्हाच सपाट खेळांकडे पाठ फिरवली होती.

सोनीने याच जागी शहाणपणा दाखवला. 1993 मध्ये तिने सिग्नोसिस ही ब्रिटिश गेम कंपनी विकत घेतली होती, तिच्यामार्फत गेम बनवायची चांगली साधनं मिळाली. सी भाषेतल्या तयार लायब्ररी दिल्या. घ्या आणि लागा कामाला. आर्केडमध्ये सेगाशी वैर असलेली नामको धावत आली आणि पहिल्या दिवसापासून 'रिज रेसर' घेऊन उभी राहिली. 1997 च्या जानेवारीत 'फायनल फँटसी 7' निन्टेन्डोचं घर सोडून प्लेस्टेशनवर आला, तेव्हा जपानातली लढाईही संपली. लारा क्रॉफ्टचा पहिला 'टूम रेडर' 1996 मध्ये सॅटर्नवरही आला होता. कन्सोलवर दुसरा भाग फक्त प्लेस्टेशनला मिळाला. नायिका गेली, घर ओस पडलं.

इतकं होऊनही सेगा कदाचित सावरली असती. पण त्याआधीच येऊन गेला होता 11 मे 1995.

लॉस एंजेलिसला व्हिडिओ गेमचं पहिलं ई-थ्री प्रदर्शन भरलं होतं. सॅटर्न अमेरिकेत 2 सप्टेंबरला येणार, असं आधीच जाहीर झालेलं. अमेरिकेतल्या सेगाचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की मंचावर आले आणि म्हणाले, सप्टेंबर कशाला, यंत्र दुकानांत पोचलंसुद्धा, किंमत 399 डॉलर. म्हणजे मुहूर्त सप्टेंबरचा आणि नवरदेव मे महिन्यातच दारात! ना मंडप, ना आचारी. माल मोजक्या चार साखळी दुकानांना मिळाला होता, बाकीचे तोंडात बोटं घालून बसले. केबी टॉईज या खेळण्यांच्या मोठ्या साखळीने तर चिडून सॅटर्न ठेवायलाच नकार दिला. बाहेरच्या कंपन्या आपले गेम सप्टेंबरच्या हिशेबाने करत होत्या, त्यामुळे पहिल्या दिवशी फळीवर सहाच गेम. कॅलिन्स्कींचं पुढे म्हणणं असं की हा हुकूम जपानहून आला, त्यांच्या मनात नव्हतं. असेलही. मुख्यालयातून आलेला हुकूम आणि शाखेत फुटलेलं डोकं, हे दृश्य आपल्याकडच्या कुठल्याही बँकवाल्याला ओळखीचं वाटेल.

त्याच दिवशी सोनीची पाळी आली. तिथले प्रमुख ओलाफ ओलाफसन यांनी (हे गृहस्थ मूळचे आइसलंडचे आणि चक्क कादंबरीकार) भाषणाच्या मध्ये सहकारी स्टीव्ह रेस यांना मंचावर बोलावलं. रेस आले, 'दोनशे नव्याण्णव' एवढंच बोलले आणि खाली उतरले. टाळ्यांचा कडकडाट. एका कादंबरीकाराच्या सभेत सगळ्यात गाजलेलं वाक्य एका आकड्याचं निघावं, याची मला दरवेळी गंमत वाटते. शंभर डॉलरचा फरक होता, हे खरंच. पण माझ्या लेखी त्या दिवशी सेगा किमतीत हरली नाही, तिने दुकानदार गमावला. प्रोग्रामर आधीच गमावला होता. मुलांच्या हातात गेम पडण्याआधी या दोघांच्या हातून जावा लागतो.

या सदराच्या जुन्या वाचकांना माझं 'जोडणी'शी असलेलं वैर ठाऊक आहे. मिक्सरला जोडायचं ज्यूसरचं भांडं, शिलाई मशीनला जोडायचं काज करायचं यंत्र, सगळ्यांचा शेवट माळ्यावर होतो, हे मी इथे किमान चारदा लिहिलंय. सेगाने हाही पराक्रम केला. आपल्या जुन्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलला जोडायचा सीडीचा खोका झाला, मग 1994 च्या नोव्हेंबरात, म्हणजे जपानात सॅटर्न आलं त्याच महिन्यात, अमेरिकेत 159 डॉलरला '32 एक्स' नावाचं टोपण विकायला काढलं. त्याला जेमतेम चाळीसेक गेम मिळाले आणि ते मेलं. ज्या पोराच्या बापाने ते टोपण घेतलं, तो सहा महिन्यांनी पुन्हा 399 डॉलर काढेल? पुरावा मागू नका. मी बाप आहे, एवढा पुरावा पुरे.

आपल्याकडे याच 1995 साली सेगाने भारतात विक्रीसाठी शॉ वॉलेसशी करार केला. हो, मद्यवालीच ती. ऐंशी टक्के आयात करातून वाट काढायची म्हणून. मेगा ड्राइव्हची किंमत अठरा हजार रुपये! माझ्या तेव्हाच्या पगाराचे कित्येक महिने त्यात गेले असते. आमच्या गल्लीतली पोरं निन्टेन्डोच्या नकला असलेल्या समुराई नाहीतर मीडिया या यंत्रांवर कॅसेटमध्ये फुंकर मारून मारिओ खेळत होती. सॅटर्नचं त्यांना सुतकही नव्हतं.

असो. भाच्याला खरं उत्तर द्यायला मला मार्क सर्नी हवे आहेत. हे अमेरिकन गृहस्थ ऐंशीच्या दशकात टोकियोत सेगामध्ये नोकरीला होते, पुढे सेगासाठीच त्यांनी अमेरिकेत स्टुडिओ उभारला आणि 'सोनिक 2' तिथे तयार झाला. पुढे ते प्लेस्टेशन 4 चे मुख्य रचनाकार झाले. 2013 मध्ये एका भाषणात त्यांनी सोनीची यंत्रं टेराफ्लॉपने मोजली नाहीत. त्यांचं माप वेगळंच होतं: नवं यंत्र हातात आल्यापासून पडद्यावर पहिला त्रिकोण यायला, म्हणजे गेमचा गाडा हलायला, किती महिने लागतात? पहिल्या प्लेस्टेशनला एक ते दोन. दुसऱ्याला तीन ते सहा. तिसऱ्याला सहा ते बारा. चौथ्याला पुन्हा एक ते दोन.

तिसऱ्याचं काय झालं आठवतं ना? 2006, सेल नावाची अवघड चिप, एक मुख्य प्रोसेसर आणि भोवती मदतनिसांचा घोळका, अर्धी मेमरी इकडे, अर्धी तिकडे, वरच्या मॉडेलची किंमत 599 डॉलर. एक वर्ष आधी आलेल्या एक्सबॉक्स 360 च्या मागे आणि 249 डॉलरच्या निन्टेन्डो वीच्या तर फारच मागे. सोनीला नाकीनऊ आले. दुःख याचं, की हे यंत्र ज्यांच्या आग्रहातून आलं ते केन कुतारागी म्हणजे पहिल्या, सोप्या प्लेस्टेशनचेच जनक. सेगाने केलेली चूक त्यांनी समोर बसून पाहिली होती, तिचा फायदाही उचलला होता. दोनदा जिंकल्यावर तीच चूक त्यांनी दुप्पट किमतीत केली. 2007 मध्ये ते पायउतार झाले.

आता भाचा म्हणेल, मामा, दुसरं प्लेस्टेशनही अवघड होतं की, मग ते 15 कोटींच्या वर कसं खपलं? बरोबर पकडलंस. माझ्या सिद्धांताला तिथे भोक आहे आणि त्या भोकात एक डीव्हीडी प्लेअर बरोबर बसतो. पहिल्या यंत्राची पुण्याई, जुने गेम चालण्याची सोय आणि घरात वेगळा डीव्हीडी प्लेअर घ्यायचा वाचलेला खर्च, एवढं पाठीशी असलं की प्रोग्रामर रडतखडत सहा महिने थांबतो. सॅटर्नसाठी कोण थांबणार होतं? सेगासुद्धा थांबली नाही. 1997 मध्ये तिचेच अधिकारी बर्नी स्टोलार यांनी सॅटर्न हे आमचं भविष्य नाही, असं जाहीर सांगून टाकलं. सॅटर्नसाठीचा मोठा नवा सोनिक तर अर्धवटच मेला.

त्यानंतरचं ड्रीमकास्ट सोपं होतं, सुबक होतं, मला आजही आवडतं. पण दुकानदार आणि बाप दोघेही सेगाचं नाव ऐकून सावध झाले होते. 2001 च्या मार्चमध्ये त्याचं उत्पादन थांबलं, सेगाने यंत्रं बनवणं सोडलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोनिकचा नवा गेम दुकानात आला, निन्टेन्डोच्या यंत्रावर.